उणेमास्तर

तात्यांना नुसता आकडा सांगितलेला चालत नसे. बोईसर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर कुणी "दोन चहा" म्हणालं, तरी बाकावर बसलेले तात्या मान वर न करता विचारत, "कुठलं दोन? वरचं का खालचं?" टपरीवाला जुना होता. तो म्हणे, "वरचंच तात्या, खालचं दूध आज आलं नाही." तात्या गंभीरपणे मान डोलवत, जणू एवढी खात्री करून घेतल्याशिवाय चहा गळ्याखाली उतरलाच नसता. आम्ही खदाखदा हसायचो. पन्नाशीचा माणूस चहाच्या कपालाही अधिक-उणे विचारतो म्हटल्यावर हसू नाही तर काय येणार? कारखान्यात पाठीमागे त्यांना सगळे उणेमास्तर म्हणत. तोंडावर तात्या.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कुंभवलीच्या शिवेला लागून जे कारखाने उभे राहिले, त्यांतल्या कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला लागलो होतो. शिरगावहून एसटीने ये-जा करायचो. घरी बायको, दोन मुलं. शिक्षण नववी नापास, म्हणजे आमच्या खात्यात मी विद्वानच. तात्या सातारकडचे, सातवी पास. बायको-मुलं गावी ठेवून ते कुंभवलीत एका खोलीत राहायचे. त्यांची नखं कायमची केशरी झाली होती आणि घाम आला की धुतलेला सदरासुद्धा बगलेत गुलाबी व्हायचा. "मेल्यावर जाळाल तवा धूर रंगीत निघंल बघा," असं ते म्हणायचे. त्यांचे विनोद हे असेच असायचे.

आमचं काम समजायला अवघड नाही. मोठ्या बंद भांड्यात माल ढवळत असायचा आणि भांड्याभोवतीच्या पोकळीतून मिठाचं गार पाणी फिरायचं. माल शून्याच्या खाली, उणे पाच अंशांवर आणायचा. तिथे आला की तो निवांत असे. मग दुसरं रसायन सोडण्याआधी त्याला तीन अंश वर येऊ द्यायचं, म्हणजे उणे दोनवर. पण तोच माल शून्याच्या वर असताना दुसरं रसायन पडलं, तर तो आपोआप तापू लागे, आणि एकदा तापू लागला की गार पाणी कितीही सोडा, ऐकत नसे. थोडक्यात, सगळा जीव त्या चिन्हात अडकलेला.

आणि चिन्ह कुणाला माहीत होतं? आमच्यातल्या बहुतेकांनी शून्याखालचा आकडा जन्मात पाहिला नव्हता. शून्य म्हणजे काही नाही, तर काही नाहीच्या खाली आणखी काय असायचं? उत्तरेकडून नवीन आलेला एक गडी पहिल्याच आठवड्यात ओरडत आला होता, "तात्या, पाँच था, दस हो गया! बढ़ गया!" उणे पाचाचं उणे दहा झालं होतं. तो गार पाण्याचा व्हॉल्व्ह आणखी खोलायला धावत होता. तात्यांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बढ़ा नहीं रे, डूब गया." तेव्हापासून तात्यांनी नियमच केला, की अधिक-उणेची बेरीज आल्याशिवाय कुणी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, त्याचा पगारही नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, अर्धी भाकरी बाकी ठेवून, ते शिकवायचे.

पंपाच्या खड्ड्यातून वरच्या फलाटापर्यंत एक लोखंडी शिडी जात असे. जमिनीच्या पातळीवरच्या दांड्याला तात्यांनी चुना फासला होता. ते शून्य. वर अधिक, खाली उणे. शिकणाऱ्याने शिडीवरच उभं राहायचं. "पहिला आकडा म्हंजे तू कुठं हाईस. दुसरा आकडा म्हंजे कुठं निघालास. अधिक म्हटलं तर चढ, उणे म्हटलं तर उतर. थांबशील ते उत्तर." आणि पुढे दर वेळी हेही सांगायचे, "बेरीज म्हंजे वाढ न्हाई. बेरीज म्हंजे एकापाठोपाठ दोनदा चालणं." मिशा पिकलेले बाप्ये त्या शिडीवर चढ-उतार करत आणि खाली उभे असलेले टाळ्या पिटत.

माझी पाळी आली त्या दिवशी माझ्याबरोबर देवजी नावाचा एक जण होता. पूर्वेकडच्या डोंगरपट्टीतल्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा, पावसाळ्यात घरची भाताची खाचरं करायची आणि एरवी मिळेल ते काम. शाळेचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. तात्यांनी मला विचारलं, "उणे पाच अधिक उणे तीन?" मी शिडीला हातसुद्धा लावला नाही. शाळेत घोकलेलं तोंडात तयार होतं: उणे उणे अधिक. मी ऐटीत म्हणालो, "अधिक आठ." तात्यांनी देवजीला खूण केली. देवजी पाच दांडे खड्ड्यात उतरला, आणखी तीन उतरला, आणि तळाच्या चिखलातून वर बघत म्हणाला, "मी तर खालीच हाय. आठ खाली." मग माझ्याकडे बघून हसला, "तुमी वर कसं गेले?" सगळं खातं हसलं. तो गुणाकाराचा नियम मी बेरजेला लावला होता, हे तात्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. चारचौघांत नाही. हा त्यांचा चांगुलपणा मला त्या वेळी दिसला नाही, मला फक्त देवजीचं हसू दिसलं.

तात्या शिकवत ते तोंडी, पण वहीबद्दल ते फार कडक होते. दर तासाला भांड्याचा आकडा वहीत लिहायचा, आणि आकड्याच्या आधी अक्षर काढायचं. खाली असेल तर 'उ', वर असेल तर 'अ'. "रेघ पुसती, रेघ इसरती. अक्षर काढाया हात थांबतो, त्येवढ्यात डोकं जागं होतं." देवजीला 'क' येत नव्हता, 'ख' येत नव्हता, पण ही दोन अक्षरं तो इतकी घोटून काढायचा की वही फाटायची. पुढे नवीन सुपरवायझर आले. शिकलेला माणूस होता. वरचे कुणी साहेब वही बघून हसले म्हणून त्यांनी हुकूम काढला, की हा बालवर्ग बंद करा, रीतसर चिन्हं लिहा. तात्या त्यांच्याशी भांडले. माझ्यासमोर भांडले. सुपरवायझर म्हणाले, "तात्या, अधिक असेल तर काही लिहायचंही नसतं, हे पाचवीतल्या पोराला कळतं." मला ते पटलं, कारण माझ्या शाळेतही तसंच होतं. तात्या खाली मान घालून बाहेर पडले आणि ज्यांना चिन्हं येत नव्हती त्यांना सांगत फिरले, "आता आडवी रेघ दिसली की तिला उ समजायचं."

भांड्यावर तापमानाची एक तबकडी होती, पण तिची काच आम्लाच्या वाफेने पांढरी झाली होती. आत सुई शून्याच्या आसपास आहे एवढं दिसे, शून्याच्या कुठल्या अंगाला ते दिसत नसे. टॉर्च मारून, डोळा काचेला भिडवून, बराच वेळ बघितलं तर कळायचं. काच बदला म्हणून तात्यांनी दोन महिने तोंड वाजवलं. येणार, येणार म्हणत ती आली नाही.

त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला होतो. दुपारी गार पाण्याची मशीन दीड तास बंद पडली. माल शून्याखाली जायला हवा होता, तो वरच अडकून राहिला, अधिक पाचवर. अडीच वाजता मी काचेला डोळा लावून नीट पाहिलं आणि वहीत लिहिलं. वेळ लिहिली. वेळ आणि आकडा यांच्या मध्ये एक आडवी रेघ मारली, कारण कुठलीही दोन कलमं लिहिताना मध्ये रेघ मारायची ही माझी शाळेपासूनची सवय. मग पाच लिहिलं. अधिक होतं, म्हणून चिन्ह लिहिलं नाही. '२.३० – ५'. पुढच्या पाळीला देवजी येणार होता. त्याला तोंडी सांगायचं हे माझ्या डोक्यात होतं. पण शिरगावात मेव्हणीची हळद होती आणि पावणेतीनची एसटी चुकली असती तर मी संध्याकाळपर्यंत पोहोचलो नसतो. मी देवजी येण्याआधी निघालो.

हळद लागत होती तेव्हा तिकडे भांडं फुटलं. चारच्या सुमाराला. देवजीने वही वाचली, रेघ पाहिली, उणे पाच समजला, सांगितल्याप्रमाणे सुईची सावली तीन घरं सरकेपर्यंत माल वर येऊ दिला आणि दुसरं रसायन सोडायला सुरुवात केली. त्याच्या हिशेबाने भांडं उणे दोनवर होतं. खरं तर ते अधिक आठवर होतं. तात्या पाळी संपवून खोलीवर गेले होते, ते आवाज ऐकून पळत परत आले आणि त्या पिवळ्या धुरात शिरून त्यांनी दोघांच्या मदतीने देवजीला बाहेर ओढला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तो वारला. तो शुद्धीवर होता की नाही हे मी तात्यांना कधी विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. मॅनेजर, सुपरवायझर, चौकशीला आलेले एक साहेब, तात्या आणि मी. टेबलावर टाइप केलेला कागद होता. मृत कामगार अशिक्षित असून त्यास शून्याखालील अंकांचे ज्ञान नव्हते, सबब त्याच्या हातून चूक झाली. खाली तात्यांच्या सहीची जागा, कारण शिकवणारे तेच. खरं सांगतो, तो कागद ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. चार दिवस मी अन्नाला शिवलो नव्हतो, आणि त्या एका वाक्याने मी सुटत होतो. मनातल्या मनात मी तात्यांना विनवत होतो, करा सही, करा.

तात्यांनी कागद दोनदा वाचला. "ह्ये खोटं हाय, सायब. त्येला येत हुतं."

"तात्या, सही करा," मॅनेजर समजुतीने म्हणाले. "यात कुणाचं नुकसान नाही. गेला तो गेला."

"गेलेल्याचंच नुकसान हाय," तात्या म्हणाले. त्यांनी सदऱ्याखालून खात्याची वही काढली. धुरातून बाहेर येताना त्यांनी ती उचलली होती. पान उघडून त्यांनी ते साहेबांसमोर सरकवलं. माझ्या ओळीखाली, अक्षरं बंद असूनही, देवजीच्या वाकड्या हातचं लिहिलेलं होतं: उ ५, अ ३, उ २. रसायनाला हात लावण्याआधी त्याने बेरीज मांडली होती. "बघा. उणे पाच अधिक तीन, उणे दोन. चुकलंय कुठं? माझ्या शिडीवर ह्यापेक्षा चांगली बेरीज कुणी केली न्हाई."

"मग चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरची ओळ ह्येची हाय. ती रेघ उण्याची न्हवं, सवयीची." पुढे ते काचेबद्दल बोलले, अक्षरं कुणी बंद केली ते बोलले, रेघेला उ समजा असं आपणच देवजीला सांगितल्याचंही बोलले.

त्यांनी सही केली नाही. सुपरवायझरांनी केली. अहवाल होता तसाच गेला आणि वही ऑफिसच्या कपाटात गेली ती कायमचीच. मला आठवडाभराने कमी केलं, कागदावर कारण गैरहजेरीचं. तात्यांना खात्यातून काढून पिंपं धुवायला लावलं. घरी बसून मी त्यांना नाही नाही त्या शिव्या घातल्या. माझी मुलं त्यांच्या मांडीवर खेळली होती. देवजी काही परत येणार नव्हता, मग माझं नाव घेऊन म्हाताऱ्याने मिळवलं काय? एका बेरजेसाठी माणूस माणसाच्या पोटावर पाय देतो? असंच मी येईल त्याला सांगत होतो, आणि ऐकणारे माना डोलावत होते.

दहा-बारा दिवसांनी तात्या शिरगावला आले. बायकोने पाणी दिलं. मी आतून बाहेर आलो नाही. ते ओट्यावर बसून राहिले, सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. शेवटी त्यांना चार शब्द सुनवायचे म्हणून मी बाहेर आलो, तर ते उठून उभे राहिले. "देवजीच्या पाड्यावर निघालोय. तू येनार का मी एकला जाऊ?" मी चपला घातल्या. का घातल्या ते आजही सांगता येणार नाही.

बस सोडल्यावर दीड तास चाल होती. तात्या वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, "रेघ म्हंजे उ, ह्ये माझंच शिकवणं. मी त्येला म्हणालो असतो, की अक्षर दिसलं न्हाई तर ईचार, तर त्येनं ईचारलं असतं. मी सांगिटलं तसंच तो करायचा." त्यांचा श्वास चालण्याने फुलला होता की कशाने, मला कळलं नाही.

पाड्यातली निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती. देवजीची बायको लाडकी सासऱ्याबरोबर खळ्यात भात झोडत होती. तात्यांनी आपण कोण ते सांगितलं. तिने हातातली पेंढी खाली ठेवली नाही. म्हणाली, "कंपनीचा माणूस आलता. बोलला, तुज्या माणसाला येत नव्हतं. येत नसताना हात लावला." मग थोड्या वेळाने, "पाड्यातबी आता तेच बोलतात. शिकला नाय म्हणून मेला."

तात्यांनी तिला सांगितलं, की वहीत काय लिहिलेलं होतं. वही आपल्याकडे राहिली नाही हेही सांगितलं. मला वाटलं, या बाईला त्यातलं काय कळणार? ती खालच्या उताराकडे बघत होती, जिथे त्यांची खाचरं एकाखाली एक गेली होती. "मला शिकवलं व्हतं त्यानं," ती म्हणाली. "घर म्हंजे शून्य बोलायचा. पाच खाचरं खाली गेलो नं तीन वर आलो, तर दोन खालीच ऱ्हायलो. उणे दोन." तिने तात्यांकडे पाहिलं. "बरोबर हाय ना?"

"बरोबर हाय, पोरी," तात्या म्हणाले.

"मग चुकला कोण?"

ऑफिसात तात्यांनी माझं नाव घेतलं होतं, इथे घेतलं नाही. मी म्हणालो, "मी." मग सगळं सांगितलं, रेघ, एसटी, हळद. म्हातारा सासरा कानाला हात लावून जवळ आला. "परत बोल. मला कमी येतं ऐकू." मी परत बोललो. लाडकी म्हणाली, "हे मला नको सांगू. लोकांना सांग." तिने आजूबाजूच्या खळ्यांतून माणसांना हाका मारल्या. वीस-पंचवीस जण जमले. त्या सगळ्यांसमोर मी तिसऱ्यांदा सांगितलं, की देवजीला येत होतं, चूक माझी. कुणी मला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सांगून झालं तसे लोक पांगले आणि लाडकी पुन्हा भात झोडायला लागली. मला क्षमा वगैरे कुणी केली नाही, आणि ती मागायची माझी छातीही नव्हती.

त्या उन्हाळ्यात तात्यांनी काम सोडलं. मी बोईसरला त्यांना पोहोचवायला गेलो. गाडीची वाट बघत असताना ते म्हणाले, "तुझं नाव घेतलं त्येचं मला लई वाईट वाटतं. पुन्यांदा घ्यायची येळ आली तर पुन्यांदा घीन." मी त्यांचं बोचकं वर चढवून दिलं. चार-पाच वर्षांनी त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, तात्या गेले म्हणून. छातीचा आजार होता.

तो अहवाल कुठल्यातरी फडताळात अजून पडला असेल, आणि त्यात देवजीला बेरीज येत नव्हती असंच लिहिलेलं असेल. वहीचं ते पान ज्यांनी पाहिलं, त्यांतल्या बाकीच्यांना ते पाहिल्याचं आठवायचं नाही. तात्या नाहीत. म्हणजे उरलो मी. पाड्यावर मी तोंडाने सांगितलं होतं, लिहून कधी दिलं नव्हतं. ते आज देतो. देवजीची बेरीज बरोबर होती. वरची ओळ माझी आहे.